नाथांना कळवळा आला

विचारणा अशी आहे : कीव, दया, कळवळा यांचा अर्थ एकच, मग कीर्तनकार पैठणच्या एकनाथांची गोष्ट सांगताना ‘नाथांना कळवळा आला’ असंच का म्हणतात?

क्रियापद पाहा. दया आपण करतो, दाखवतो, कीवही करतो. कळवळा मात्र करता येत नाही. तो येतो, नाहीतर मुळातच असतो. ‘फार कळवळा दाखवतोय’ म्हटलं की तो खोटा आहे, हे वेगळं सांगावं लागत नाही. पोटात कळ आली की माणूस कळवळतो, आणि दुसऱ्याचे हाल पाहूनही कळवळतोच.

आता ती गोष्ट घ्या. गोदावरीचं वाळवंट, भर दुपार. त्या काळी अस्पृश्य ठरवलेल्या घरचं एक लेकरू मायपासून मागे राहिलंय, तापलेल्या वाळूत रडतंय. नाथांनी त्याला उचललं, कडेवर घेतलं, नाक-डोळे पुसले, घरी नेऊन पोचवलं. 16व्या शतकातलं पैठण, त्यात सोवळं-ओवळं केवढं! पण गोष्टीत नाथ कुणाला उपदेश करत नाहीत. पाय लेकराचे पोळत होते, चटका नाथांना बसला. इथे ‘दया केली’ म्हटलं तर नाथ काठावर उभे राहतात. ‘कळवळा आला’ म्हटलं की ते वाळूत उतरतात.

आमच्याकडे हा शब्द अजून रोजच्या बोलण्यातला आहे. शेगावची पालखी पंढरीला जाताना परभणी-गंगाखेडवरून जाते. ओसरीवर टेकलेल्या वारकऱ्याच्या टाचेचा फोड बघून घरची म्हातारी तेल कोमट करून आणते, त्याचा पाय स्वतःच्या मांडीवर घेते. ‘जीव कळवळला बगा’, एवढंच बोलते. त्याचं नाव-गावही विचारत नाही.

‘कीव’ची मात्र रया गेली. ‘कीव भाकणे’ म्हणजे काकुळतीने विनवणे. आज ‘तुमची कीव येते’ ही सरळ शिवीच झाली आहे. ‘दये’ला मी कमी लेखणार नाही, भूतदया हा वारकऱ्यांचा प्राणच आहे. फरक प्रत्ययात दिसतो : दया गरिबांवर करतात, कळवळा गरिबांचा असतो. म्हणून ‘गरिबांवर कळवळा’ असं लिहू नये. ‘गरिबांचा कळवळा’ हाच रुळलेला प्रयोग. ‘गरिबांबद्दल’ चालेल.