अमेरिकेत वाढणाऱ्या मुलीला आपल्या लोककथांची गोडी लावेल अशी लेखिका कोण?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी दहा वर्षांची, न्यू जर्सीत जन्मलेली, जादूच्या इंग्रजी पुस्तकांचा फडशा पाडते. पंचतंत्र किंवा अकबर-बिरबल हातात दिलं की दोन पानांत जांभया. आपल्या लोककथांवर तिच्या वयाला आवडेल असं लिहिणारं इकडे कुणी आहे का? आणि अशा पुस्तकांतून आपलं काही पोचतं, की नुसती भेळ होते?

आधी नाव सांगते, मग पाल्हाळ लावते. सायंतनी दासगुप्ता. पहिलं पुस्तक ‘द सर्पंट्स सीक्रेट’, २०१८ सालचं. त्यातली नायिका किरणमाला तुमच्या-आमच्या शेजारची निघते, न्यू जर्सीतल्याच पार्सिपनी गावची! मी तिथून वीस मिनिटांवर राहते, त्यामुळे आमच्या घरात पहिल्याच पानाला आरडाओरडा झाला.

किरणमालाचे आईबाबा दुकान चालवतात. तिचा वाढदिवस नेमका हॅलोवीनला येतो, म्हणजे इकडची मुलं वेष करून दारोदार चॉकलेटं मागतात त्या दिवशी, आणि दर वर्षी ते तिला राजकन्येच्याच वेषात पाठवायला बघतात, कारण त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ती खरंच राजकन्या आहे. पोरीला याची मेल्याहून मेल्यासारखी लाज. बाराव्या वाढदिवशी ती घरी येते तर आईबाबा गायब, दाराशी दोन राजपुत्र (हिला वाटतं, चॉकलेटं मागायला आलेत) आणि स्वयंपाकघरात लाळ गाळणारा राक्षस. हे वाचल्यावर आमची कन्या सोफ्यावरून उठली, आमच्या स्वयंपाकघरात एकदा डोकावून आली आणि मगच पान उलटलं.

आता यात ‘आपलं’ काय? खरं तर हे बंगाल्यांचं. दक्षिणारंजन मित्र मजुमदारांनी बंगालच्या खेड्यांतल्या आज्यांकडून ऐकलेल्या गोष्टी १९०७ साली ‘ठाकुरमार झुली’ म्हणून छापल्या, म्हणजे आजीची पोतडी. किरणमाला त्या पोतडीतली. मूळ गोष्टीत मायेच्या डोंगरावर तिचे भाऊ अरुण आणि वरुण मागे वळून पाहतात आणि दगड होतात. ही पुरुषी वेषात, तलवार घेऊन जाते, एकदाही मागे बघत नाही आणि दोघांना परत माणसात आणते. कुणी वाचवायला येईल म्हणून खिडकीत बसलेली राजकन्या नव्हे. दासगुप्तांनी नायिका म्हणून हिलाच का उचललं, ते वेगळं सांगायला नको. दारातले दोन राजपुत्र लाल आणि नील, तेही त्याच पोतडीतले लालकमल-नीलकमल. एक मानवी राणीचा, दुसरा राक्षशीण राणीचा. नव्या पुस्तकात हा अर्धा राक्षस असलेला नील सगळ्यात भाव खाऊन जातो, आणि मला वाटतं इथल्या मुलांना तो का आवडतो हे उघड आहे. शाळेत एक आणि घरात दुसरं असं वागायची त्यांना रोजची सवय असते.

भेळेबद्दल सांगते. ‘ठाकुरमार झुली’ला रवींद्रनाथांची प्रस्तावना आहे. स्वदेशीचे दिवस होते. त्यांनी लिहिलं त्याचा मथितार्थ असा, की आजीच्या पोतडीइतकी स्वदेशी वस्तू दुसरी नाही, पण हाय, हल्ली तीसुद्धा मँचेस्टरच्या गिरणीतून तयार होऊन यायला लागली होती! म्हणजे तुमची तक्रार शंभर वर्षांपूर्वीची आहे आणि खुद्द रवींद्रनाथांची आहे, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका. फक्त आता पोतडी न्यू जर्सीत शिवली जाते आहे, आणि शिवणारीच्या कानात आजीचा आवाज आहे. इथे वाढलेल्या दासगुप्तांनी या गोष्टी सुट्टीत कोलकात्याला गेल्यावर आजीकडून ऐकल्या. त्यांचं वैद्यकीय शिक्षण बालरोगतज्ज्ञाचं. आता कोलंबिया विद्यापीठात शिकवतात, आणि विषयही गोष्टींशीच निगडित: डॉक्टरांनी रुग्णाची कहाणी नीट ऐकावी कशी. १९९५ साली आईबरोबर, शमिता दास दासगुप्तांबरोबर, त्यांनी बंगाली लोककथांचं इंग्रजी पुस्तक केलं होतं. म्हणजे बाजारात भारतीय मसाला खपतोय म्हणून घातलेली ही फोडणी नाही. पुढे स्वतःची मुलं पुस्तकं वाचायला लागली आणि जादूच्या कथांत सावळा नायक काही सापडेना, तेव्हा त्यांनी किरणमाला लिहायला घेतली.

मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडली ती एक बारीकशी गोष्ट. पुस्तकभर त्यांनी ‘राक्षस’ लिहिलेलं नाही, ‘रक्खोश’ लिहिलंय, बंगाली तोंडातून येतो तसा. आमची मुलगी पहिल्यांदा अडखळली, मग म्हणाली, “आई, हे चुकलंय.” मी सांगितलं, चुकलं नाही, त्यांच्या घरी असंच म्हणतात. यावर तिचा प्रश्न, “मग आपल्या घरी काय म्हणतात?” दोन वर्षं रविवारच्या मराठी शाळेत नेऊनसुद्धा हा प्रश्न तिच्या तोंडून कधी आला नव्हता.

दुसरी गंमत नकाशाची. बंगाली गोष्टीत राजपुत्र सात समुद्र तेरा नद्यांपलीकडे जातो. आपण नुसतं साता समुद्रापार म्हणून थांबतो, तेरा नद्या त्यांच्या जादाच्या. सांगलीला बसलेल्या माझ्या सासूबाईंच्या हिशेबाने साता समुद्रापार म्हणजे आम्ही. दासगुप्तांनी हे उलटं केलंय: पार्सिपनी घराजवळची आणि समुद्रांपलीकडचं राज्य तिकडे. वाचणाऱ्या मुलीच्या बाजूने बघितलं तर बरोबरच आहे.

उणं काढायचंच तर आहे. विनोद बऱ्याचदा शेंबडाचे आणि लाळेचे. पळापळ इतकी, की राक्षसाची भीती वाटेपर्यंत तो मेलेला असतो. मधे भौतिकशास्त्रातली स्ट्रिंग थिअरी आणि कृष्णविवरंही येतात. आमच्याकडे बाबा खूश, मुलीने ती पानं चाळली. एकूण तीन भाग आहेत, ‘गेम ऑफ स्टार्स’ (२०१९) आणि ‘द केऑस कर्स’ (२०२०) हे पुढचे. क्रमानेच द्या. शेवटी लेखिकेची टीप असते, कुठली गोष्ट कुठून घेतली ते सांगणारी. ती तुम्ही वाचा, मुलीला वाचायला लावू नका. धडा आला असा वास लागला की मुलं पुस्तक मिटतात.

रोशनी चोक्षींचं ‘अरू शाह’ही कुणीतरी सुचवेलच. त्या अर्ध्या फिलिपिनो, अर्ध्या भारतीय, आणि लिहितात छान. पण त्यात महाभारत आहे. तुम्ही लोककथा विचारल्यात, म्हणून मी इकडे वळले.

आणि बंगाली-मराठीचं फार मनावर घेऊ नका. उपेंद्रकिशोर रायचौधुरींच्या १९१०च्या पुस्तकात एक कुबडी म्हातारी भोपळ्यात बसून जंगलातल्या जनावरांना चकवते. तिचा भोपळा गडगडत जातो, आपला टुणुक टुणुक उडी मारतो. त्या पुस्तकाला ज्याचं नाव आहे तो टुनटुनी पक्षी किरणमालाच्या पुस्तकातही भेटतो. मी ही भोपळ्याची जोडी मुलीला सांगितली तर ती म्हणाली, “कॉपी कुणी केली?” उत्तर देता आलं नाही.

‘आपल्या घरी काय म्हणतात’ याचं उत्तर मात्र आजीने दिलं, व्हिडिओ कॉलवर, शेंगा सोलता सोलता. आपल्याकडे राक्षस लांब राहतात, म्हणाल्या, जवळचा म्हणजे मुंजा. जुन्या वाड्यामागच्या पिंपळावर. मुंज झाली आणि सोडमुंज व्हायच्या आत गेलेला मुलगा. संध्याकाळी त्या बाजूला आम्हाला जाऊ देत नसत.

“किती वर्षांचा?”

“आठ-नऊ असेल.”

मुलगी गप्प झाली. तिच्यापेक्षा लहान भूत तिने आधी ऐकलंच नव्हतं. मग विचारलं, “आजी, त्याच्याबरोबर खेळायला कोण असतं?” सासूबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. “अगं, हे मला कुणी सांगितलंच नाही,” म्हणाल्या. पुढच्या रविवारी त्यांनी स्वतःहून फोन केला आणि पिंपळाखाली विट्टी-दांडू खेळणाऱ्या मुंजाची एक अख्खी गोष्ट सांगितली, जी त्यांनी त्या आठवड्यात रचली होती.