कोकणातल्या बायकांनी नऊवारी सोडून गाऊन का धरला?

प्रश्नकर्त्यांनी दोन गोष्टी विचारल्या आहेत. कोकणात बायकांच्या पेहरावाची फॅशन गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत कशी बदलत गेली, ही पहिली. आणि नऊवारीसारखा देखणा वेश टाकून बायका "आळसाने" गाऊनवर कशा आल्या, ही दुसरी. पहिलीचे उत्तर जमेल तेवढे देते. दुसरीतला आळसाचा आरोप मात्र देवगड तालुक्यातल्या आमच्या घरात मी लग्न झाल्यापासून ऐकत आले आहे, आणि सगळे आयुष्य शिलाई मशीनवर गेल्यामुळे त्यावर बोलण्याचा अधिकार मला आहे असे मी समजते.

नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. माझ्या सासूबाईंची लुगडी इचलकरंजीची, घाटावरून येणारी, सुती आणि जाड होती. उन्हाळ्यात त्यासारखे वस्त्र नाही, हे मी कधीच नाकारलेले नाही. आत परकर लागत नाही, कासोटा घातला की तरवा, म्हणजे भाताची रोपे, लावताना किंवा आंब्याची पाटी डोक्यावर घेऊन घाटी चढताना पाय मोकळे राहतात, आणि ओच्यात काजूच्या बिया गोळा करता येतात. पण आमच्याकडे चार महिने पाऊस असतो आणि त्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाणी पडते. सुती धागा पाणी पितो. धुतलेले लुगडे पडवीत दांडीवर टाकले की तिसऱ्या दिवशीही काठ ओलेच लागत, मग ते चुलीजवळ धरायचे आणि धुराचा व कुबट असा दोन्ही वास अंगावर घेऊन देवापुढे बसायचे. परंपरेवर भरभरून लिहिणाऱ्या पुरुषांपैकी किती जणांनी श्रावणातले ओले लुगडे पिळले आहे, हे मला एकदा कळायला हवे.

बदलाची सुरुवात फॅशनने झाली, असेही मला वाटत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ पासून, कापडावर सरकारी नियंत्रण आले. कापड जपून वापरायच्या त्या काळात सहा वारांत, म्हणजे साडेपाच मीटरांत, भागणारी गोल साडी शिकलेल्या आणि मुंबईला राहणाऱ्या बायकांना सोयीची वाटली. आमच्या वाडीत ती आणली शाळेतल्या बाईंनी. पुढे साठ-सत्तरच्या दशकांत नायलॉन आणि मग पॉलिएस्टर आले. गणपतीला येणारे चाकरमानी बहिणीला, भावजयीला तीच साडी आणू लागले आणि बायकांनी ती डोक्यावर घेतली, कारण पॉलिएस्टर पाणी जवळजवळ पीतच नाही. रात्री वाळत टाकलेली साडी सकाळी नेसता येते. त्याच सुमारास खणाची, पुढे गाठ मारायची चोळी मागे पडून हुकांचा ब्लाउज आला. त्याची बाही कधी फुगली, कधी कोपरापर्यंत उतरली, कधी नाहीशीच झाली. गळा कधी बोटीसारखा आडवा, तर कधी पाठीत खोल गेला.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा आमच्या वाडीतल्या बऱ्याच घरांची मनीऑर्डर थांबली. गणपतीच्या साड्या आटल्या आणि बाजारातून कटपीस आणून घरीच शिवून घेण्याचे दिवस आले. गाऊनला तीन मीटर कापड पुरते. मांडीवर तान्हे मूल होते, पाऊस धरलेला होता आणि माझ्या दोन्ही साड्या ओल्या होत्या, म्हणून मी पॉपलीनचा एक गाऊन बेतला: वर योक, म्हणजे खांद्यापासून छातीपर्यंतचा सपाट तुकडा, योकाखाली चुण्या, दूध पाजण्यासाठी पुढे हुक, आणि उजव्या बाजूला शिवणीत एक खोल खिसा. खिसा कुणी सांगितला नव्हता. ओचा गेला तर किल्ली आणि सुटे पैसे ठेवायचे कुठे, एवढाच माझा विचार होता.

थोरल्या जाऊबाईंनी मला पाहिले आणि विचारले, "ह्यां झबलां घालून तू तुळशीकडे जातलंस?" त्यानंतर चातुर्मास संपेपर्यंत त्या माझ्याशी कामापुरतेच बोलल्या. त्यांचा मुद्दा लाजेचा नव्हता, कारण गाऊनने अंग जेवढे झाकते तेवढे साडीने झाकत नाही, हे त्यांनाही दिसत होते. त्यांचा मुद्दा होता की गाऊनला पदर नाही. सवाशीण दारात आली तर ओटी कशात घेणार? या मुद्द्याला मात्र दम होता. त्याचे उत्तर वाडीतल्या बायकांनीच काढले: खांद्यावर टॉवेल किंवा ओढणी. तीच डोक्यावर घ्यायची, तिलाच हात पुसायचे आणि वेळ आली तर तिच्यातच ओटी घ्यायची. शहरातले लोक या टॉवेलला हसतात. त्यांनी खुशाल हसावे.

बाकीचे थोडक्यात सांगते. ऐंशीच्या दशकात कॉलेजच्या मुलींबरोबर पंजाबी ड्रेस आला आणि बिनगिअरच्या स्कूटरमुळे तो लग्न झालेल्या बायकांपर्यंत पोहोचला. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण धावू लागल्यावर मुंबईचा तयार माल हाताशी आला आणि माझ्याकडची ड्रेसची शिलाई निम्म्यावर आली. लेगिंग्ज आणि पलाझोबद्दल माझ्या भाचीला विचारावे. आता लग्नसराईत शिवलेली नऊवारी मागतात, कंबरेला नाडी किंवा चेन लावलेली, पाच मिनिटांत अंगात चढणारी. मी ती शिवते आणि पैसेही चांगले घेते. पण ती घालून गाऊनवाल्या बायकांना संस्कृती शिकवू नये.

हे सगळे दक्षिण कोकणातल्या एका शेतकरी वाडीचे आहे. रायगडातल्या कोळणींचे नेसण वेगळे, रत्नागिरी किनाऱ्यावरच्या मुसलमान बायकांचा पेहराव वेगळा; त्यांच्याविषयी त्यांनीच लिहावे. गाऊन घालून बँकेत जावे असेही माझे म्हणणे नाही. आणि खरोखर दशकांचा हिशेब हवा असेल तर जुन्या फोटोंच्या मागे लागू नका, कारण फोटोत प्रत्येक बाई ठेवणीतले नेसलेली असते. गावातल्या जुन्या शिंप्याकडे मापांची वही मागा. बाहीची लांबी, गळ्याची खोली, अस्तर आहे की नाही, हे सगळे त्यात गिऱ्हाइकाच्या नावासकट असते. माझ्या वहीत थोरल्या जाऊबाईंच्या नावापुढेही गाऊनचे माप आहे, खिशासकट.