आधी पास काढा, मग चिपळूणचं बघू

ताई,

मी ठाण्याला राहते, वय ५४. मिस्टर बँकेत होते, यंदा मार्चमध्ये त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. तेव्हापासून एकच पालुपद सुरू आहे: इथला फ्लॅट विकायचा आणि चिपळूणला वडिलोपार्जित घरी कायमचं राहायला जायचं. घोडबंदर रोडची धूळ, मेट्रोची खोदाई, ट्रॅफिक, यात आपण दहा वर्षं आधी मरू म्हणतात. यांना बीपी आहे, गोळी मीच आठवणीने हातावर ठेवते. तिकडे मोकळी हवा, ताजे मासे, घरचा तांदूळ. थोरले दीर आणि जाऊबाई तिथेच असतात. घर मोठं आहे आणि उंचावर असल्यामुळे २०२१ च्या पुरातही पाणी आलं नाही. मुलगा पुण्याला असतो, तो म्हणतो तुमचं तुम्ही ठरवा.

मला गावाचं वावडं नाही, मी मूळची वाईची. पण जायला मन होत नाही आणि नीट कारणही सांगता येत नाही, म्हणून वादात नेहमी मीच हरते. मे महिन्यात मिस्टर ते गावचं घर शाकारून घ्यायला तीन आठवडे तिकडे गेले होते. मला इथे एकटीला करमेल का असं वाटलं होतं, पण वेळ बरा गेला. सोसायटीतल्या एकीबरोबर महापालिकेच्या तरणतलावावर पोहायला जात होते, तेव्हा गुडघेही दुखले नाहीत, तो योगायोग असेल. हे परत आल्यावर ते राहिलं. असो.

तुम्हीच सांगा, तब्येतीच्या दृष्टीने लहान गाव चांगलं की मोठं शहर? तुमचं उत्तर यांना वाचून दाखवीन.

– एक वाचक, ठाणे

* * *

"हे परत आल्यावर ते राहिलं. असो."

बाई, तुमच्या सबंध पत्रात मला हीच ओळ कामाची सापडली आणि तीच तुम्ही सगळ्यात घाईने लिहिलीत. बाकी पत्रभर धूळ आहे, मासे आहेत, दीर आहेत, पूर आहे. यांचं बीपी आहे. तुमच्या तब्येतीला मिळून एक वाक्य आलंय, त्यालाही शेवटी योगायोगाचं शेपूट. आणि प्रश्न काय विचारताय, तर तब्येतीला काय चांगलं!

पोहणं का राहिलं ते तुम्ही लिहिलेलं नाही. मग मीच लिहिते, चुकलं तर कळवा. बायकांची बॅच सकाळी सहा-साडेसहाची असणार. यांना उठल्याबरोबर चहा लागतो. पहिल्या दिवशी तुम्ही म्हणालात, जाऊ दे, कालच आलेत प्रवासातून. दुसऱ्या दिवशी सिलिंडर यायचा होता. तिसऱ्या दिवशी यांनी सहज विचारलं, "आज पण जायचंय का?" झालं, संपलं. कोणी मना केलं नाही, आवाज चढला नाही, पोहण्याचा पोशाख वाळून कपाटात गेला. जाऊ नकोस असं तोंडावर म्हटलं असतं, तर कदाचित तुम्ही भांडला तरी असतात.

तुम्ही न लिहिलेलं आणखी एक सांगते. चोपन्नाव्या वर्षी कोणी नव्याने पाण्यात उतरून तीन आठवड्यांत गुडघ्यांना आराम पडेल इतकं पोहत नाही. तुम्हाला पोहता येत होतं. वाईच्या तुम्ही, म्हणजे गणपती घाटावर पाठीला डबा बांधून कुणा काकाने नाहीतर आत्तेभावाने कृष्णेत ढकललं असणार. मग बंद कधी झालं? सातवी-आठवीत, बरोबर ना? तुमच्या बरोबरीची मुलं पुढची कित्येक वर्षं पुराच्या पाण्यात उड्या मारत राहिली आणि तुम्ही पायऱ्यांवर धुण्याची बादली घेऊन बसलात. नदी तीच, हवा तीच. ती मानवली मुलांना. लहान गाव तब्येतीला चांगलं का, हे विचारताना तुम्हाला स्वतःची वाई आठवली नाही, याचं मला नवल वाटतं. की आठवली, म्हणूनच मन होत नाही?

आता तुमच्या मिस्टरांसाठी. साहेब, ऐकताय ना?

तुमचं म्हणणं सगळंच खोटं नाही. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, देशभरच्या पाहणीचे आकडे २०२३ साली आले. त्यात मधुमेहाचं प्रमाण शहरी भागात १६.४ टक्के आणि ग्रामीण भागात ८.९ टक्के, म्हणजे जवळजवळ निम्मं. इथपर्यंत तुमची बाजू. पण त्याच पाहणीत मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसांचा आकडाही आहे: शहरी भागात १५.४ टक्के, ग्रामीण भागात १५.२. रांग दोन्हीकडे सारखीच लांब आहे. खेड्यात अंगमेहनत अजून शिल्लक आहे, तो फायदा तिथल्या राबणाऱ्यांचा. तुम्ही काही चिखलात उभं राहून भात लावायला निघालेला नाही. तुम्ही तालुक्याच्या गावी निघालात, जिथे माणसं कोपऱ्यावरून कोथिंबिरीची जुडी आणायलाही स्कूटर काढतात. ठाण्यात निदान रोज स्टेशनचा पूल तरी चढत होतात.

घोडबंदरच्या धुळीची बाजू मी घेणार नाही, ती आहेच. पण चिपळूणहून खेडकडे निघालं की लोटे-परशुरामची रासायनिक वसाहत लागते. तिच्या आजूबाजूच्या गावांत जाऊन विचारा, वारा फिरला की हवा किती मोकळी असते. महामार्गाच्या चौपदरीकरणाची धूळ तर कोकण २०११ पासून खातंय. पावसाळ्यात आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत, भिंतींना बुरशी धरते, गाद्यांना वास येतो. हे तुम्हाला मी कशाला सांगायचं, तुमचंच गाव. पण मे महिन्यात जाऊन आलेल्या माणसाला कोकण नेहमी मे महिन्यातलंच आठवतं.

ताज्या माशांचंही तसंच. १ जून ते ३१ जुलै समुद्रात यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. मग ताटात काय येतं? सुकट, सोडे, खारवलेला बांगडा, आणि भाताशेजारी लोणचं-पापड. मला स्वतःला सोड्यांच्या खिचडीपुढे दुसरं काही सुचत नाही, तेव्हा नावं ठेवत नाही. पण बीपीवाल्या माणसाने मिठाचा हिशोब करावा. हिशोब तर तुम्हाला येतो.

छातीत कळ आली तर काय, ही धास्ती मात्र चिपळूणला बाळगायचं कारण नाही. डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे, फार लांब नाही. लहान गावाचं आरोग्य हवेपेक्षा अशा गोष्टींवर टिकतं, हे मी मोकळेपणी म्हणते. कोकणात विंचू चावून माणसं, त्यातही पोरं, मरायची. महाडला राहून डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला, तेव्हा ती वाचायला लागली. त्याआधीही तिथली हवा शुद्धच होती.

तेव्हा गाव की शहर, याचं तुम्हा दोघांना मिळून द्यायला माझ्याकडे उत्तर नाही. साहेबांना चिपळूण मानवेल. ते सकाळी ओटीवर बसतील, भावाबरोबर पेपर वाटून घेतील, बाजारात चार ओळखीची माणसं भेटतील, दोन तास कसे गेले कळणार नाही. माणसाला माणूस भेटणं तब्येतीला चांगलंच असतं. आणि तेवढ्या वेळात तुम्ही काय करत असाल?

मोठं घर म्हणजे मोठा केर. अंगण, पडवी, माळा, आल्यागेल्याचा चहा. आज तुम्ही गणपतीला कोकण रेल्वेने पेढ्यांचा बॉक्स घेऊन उतरता, चार दिवस राहता, परत येता. फ्लॅट विकला की दार उघडणाऱ्या तुम्ही. मुंबई-पुण्याहून येणारी पुतणी, भाचे, त्यांची पोरं, सगळ्यांची अंथरुणं कुठे घालायची हे तुम्ही आणि जाऊबाई बघणार. जाऊबाई वाईट आहेत असं मी मुळीच म्हणत नाही. त्या आयुष्यभर हेच करत आल्यात आणि त्यांना जोडीला कोणी आलं तर हवंच आहे. त्यांच्या गुडघ्यांची चौकशी कधी केलीत का हो?

आणि समजा पाच मिनिटांवर झकास तलाव आहे. सकाळी साडेसहाला पिशवीत टॉवेल आणि पोशाख घालून धाकटी सून फाटकाबाहेर पडली. जाऊबाई काही बोलणार नाहीत. समोरची विचारेल, "एवढ्या सकाळी कुठे?" दुसऱ्या दिवशी तीच विचारेल, "रोज जाता?" तिसऱ्या दिवशी बाजारात यांना कोणीतरी हसत म्हणेल, "वहिनींचं काय, ऑलिंपिकची तयारी?" तेही हसतील, घरी येऊन तुम्हाला सांगतील. ठाण्यात तुमच्या सोसायटीतल्या चार मजल्यांना तुम्ही कुठे जाता याचा पत्ता नसतो. शहराला तुमचं काही पडलेलं नाही, आणि तुमच्या गुडघ्यांसाठी हे मोठंच औषध निघालं.

गुडघ्यांवरून आठवलं. योगायोग वगैरे काही नाही. छातीभर पाण्यात उभं राहिलं की सांध्यांवरचा भार निम्म्याहूनही कमी होतो आणि मांडीचे स्नायू मात्र काम करत राहतात, ज्यांनी गुडघा सांभाळायचा असतो. पाळी गेल्यानंतर बायकांचे गुडघे पुरुषांपेक्षा जास्त कुरकुरतात, हे कुठलेही हाडांचे डॉक्टर सांगतील. तुम्हाला औषध सापडलं होतं. तीन आठवडे घेतलंत, गुण आला, आणि नवरा घरी आला म्हणून सोडून दिलंत. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर तुम्हीच त्याला वेड्यात काढलं असतं. यांची गोळी चुकू नये म्हणून जिवाचा आटापिटा करणाऱ्या बाई तुम्ही!

त्या गोळीचंही बोलते. साहेब, आयुष्यभर लोकांच्या ठेवींच्या मुदती तुमच्या लक्षात राहिल्या आणि स्वतःची रोजची एक गोळी बायकोने हातावर ठेवावी लागते? उद्यापासून ती तुम्ही घ्यायची. चहाच्या डब्याशेजारी ठेवा, कारण चहाही तुम्हीच करणार आहात. बाई, तुम्ही यांना तीन दिवस आठवण करा, मग गप्प बसा. स्वतःची गोळी स्वतः न घेणाऱ्याला चिपळूणची हवा काय आणि स्वित्झर्लंडची काय.

बाई, तुम्हाला एकच काम सांगते, त्यात पर्याय नाहीत. शनिवारी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून फिटनेसचं सर्टिफिकेट घ्या. बीपी-साखर त्यांना त्याच फेरीत बघू दे, यांची नव्हे, तुमची. सोमवारी आधार कार्ड आणि फोटो घेऊन तलावाच्या ऑफिसात जा आणि पास काढा. मिळत असेल तर वर्षाचाच काढा. महिन्याचा काढलात तर महिना संपताना कोणाचं तरी बारसं, कोणाचं तरी ऑपरेशन निघेल आणि पुन्हा तुम्ही मला "असो" लिहाल. पैसे घरखर्चातून घ्या. विचारू नका, सांगा. सोसायटीतल्या त्या मैत्रिणीला आज रात्रीच फोन करा, कारण एकटीने पाचला उठणं जड जातं आणि दुसरी खाली उभी आहे म्हटलं की उठवतं. ती अजून जात असेल, माझी खात्री आहे. तुम्ही का येत नाही हे तिने एकदा विचारलंही असेल आणि तुम्ही काहीतरी थातूरमातूर सांगितलं असेल.

आणि पास वर्षाचा, म्हणजे वर्षभर फ्लॅट विकण्याचा विषय निघणार नाही. वादात सांगायला कारण सापडत नाही म्हणता ना? हे घ्या कारण: पैसे भरलेत, ते बुडतील. बँकेतल्या माणसाला हे पटेल. मधल्या काळात साहेबांना चिपळूण हवंच असेल, तर त्यांनी खुशाल जाऊन राहावं, मे महिन्यात नको, जुलैत. तिकडे गेल्यावर गोळी कोण देतं, हे मला दोघांनी मिळून कळवा.