ऑफिसमधून आल्यावर झटपट, झणझणीत चिकन करी कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की घरी पोचायला आठ वाजतात, नऊला जेवायला बसायचं असतं, आणि घाईत केलेली करी दरवेळी पाणचट होते, वर मसालाही कच्चा लागतो. मला विचाराल तर निम्मा दोष कांद्याचा आहे. रेसिपीत बिनधास्त लिहून टाकतात की कांदा पाच मिनिटं परता, सोनेरी होईल. कुठला होतोय! पाच मिनिटांत तो नुसता मऊ पडतो, नीट तपकिरी व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागतातच, आणि आपल्याला भूक लागलेली असते म्हणून आपण तसाच अर्धवट कांदा घेऊन पुढे जातो.

म्हणून मी हे काम सुट्टीच्या दिवशीच उरकून टाकते. किलोभर कांदा उभा चिरायचा, तेलात निवांत खरपूस परतायचा, गार झाला की मिक्सरला वाटायचा आणि बर्फाच्या ट्रेमध्ये भरून फ्रीजरला टाकायचा. अर्धा किलो चिकनला पाच-सहा क्यूब पुरतात. केलेलं नसेल तर कांदा अगदी बारीक चिरा, पसरट कढई घ्या, सुरुवातीलाच मीठ घाला आणि तळाला लागायला लागला की चमचाभर पाणी मारून खरवडत राहा. चिमूटभर, म्हणजे खरंच चिमूटभरच, खायचा सोडा घातला तर रंग लवकर येतो, कांद्याचा लगदा होतो पण रश्शात ते कोण बघतंय? जास्त पडला तर मात्र साबणासारखी चव येते, तेव्हा हात सांभाळून.

चिकन शक्यतो मांडीचं बोनलेस घ्या, लहान तुकडे करून. ते थोडं जास्त शिजलं तरी मऊच राहतं. हाडाचं चवीला भारी लागतं, वादच नाही, पण त्याला वीस-पंचवीस मिनिटं द्यावी लागतात. फ्रीजरमधलं असेल तर आदल्या रात्रीच खाली फ्रीजमध्ये काढून ठेवा, ओट्यावर दिवसभर ठेवू नका. घरात शिरल्या शिरल्या, कपडे बदलायच्या आधी चिकनला मीठ, अर्धा चमचा हळद आणि एक मोठा चमचा आलं-लसूण पेस्ट चोळून टाका. बाकीची तयारी होईपर्यंत तेवढं मुरणं पुरतं.

आता मसाला. इथे घाई केलीत तर सगळं मुसळ केरात. तीन मोठे चमचे तेल, त्यात दोन-तीन हिरव्या मिरच्या चिरून, मग कांद्याचे क्यूब, अजून थोडं आलं-लसूण, त्याचा कच्चा वास गेला की एकच टोमॅटो, बारीक चिरून. दोन घातले की करी आंबट होते आणि आटायलाही वेळ लागतो. लाल तिखट आणि धणेपूड सुकीच तेलात टाकू नका, तापलेल्या तेलात तिखट क्षणात जळतं आणि कडू होतं. एक चमचा तिखट मिरचीपूड, एक चमचा रंगाची आणि दोन चमचे धणेपूड अर्धी वाटी पाण्यात कालवून ओता. आता कढईकडे लक्ष द्या. आधी मोठे पाणीदार बुडबुडे येतात, मसाला अंगावर उडतो, मग चरचर आवाज कमी होत जातो, बुडबुडे बारीक होतात आणि कडेने लालभडक तेल सुटायला लागतं. चमचा तळाशी ओढला की मागे वाट राहते. ही वाट दिसेपर्यंत चिकन घालायचं नाही, मग घड्याळात काहीही वाजलेले असोत.

चिकन घातल्यावर मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटं परता, नंतर आच मंद करून झाकण ठेवा आणि झाकणावर पाणी. कढईत मात्र लगेच पाणी ओतायचं नाही! तुमची करी पाणचट होण्याचं उरलेलं निम्मं कारण हेच असणार, चिकन स्वतःच भरपूर पाणी सोडतं आणि आपण आधीच ग्लासभर ओतून मोकळे होतो. सात-आठ मिनिटांनी झाकण काढून बघा, रस्सा कमी वाटला तरच झाकणावरचं गरम पाणी घाला. बोनलेस एकूण पंधरा मिनिटांत होतं. सगळ्यात जाड तुकडा कापून बघायचा, आत गुलाबी दिसता कामा नये. थर्मामीटर असेल तर 74 अंश सेल्सिअस.

हाडाचं चिकन आणि वेळ दोन्ही जमवायचं असेल तर मसाला कुकरमध्येच परता, तळ नीट खरवडून घ्या, अर्धी वाटी पाणी, एक शिट्टी आणि वाफ आपोआप जिरू द्या.

गरम मसाला आणि भरड कुटलेली मिरी गॅस बंद करताना घाला, मिरीचा तिखटपणा वेगळाच लागतो, घशाशी रेंगाळतो. मग झाकून पाच-दहा मिनिटं तशीच राहू द्या, तोवर भात वाफवून होतो.

फारच तिखट झाली तर पाणी वाढवू नका, मिरचीचा जाळ पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतो. नारळाचं दूध, साय किंवा काजूची पेस्ट घाला. बटाटा तिखट शोषून घेतो म्हणतात, मला तर त्याने फक्त रस्सा वाढलेला दिसतो. आणि घरात ब्रेस्टच असेल तर तुकडे थोडे मोठे ठेवा, परतताना फक्त दोन मिनिटं द्या आणि झाकण ठेवल्यावर सात-आठ मिनिटांतच कापून बघा, शिजलेलं दिसलं की लगेच गॅस बंद, नाहीतर चोथा चावत बसावं लागेल.