धरणाचा परिणाम मोजायचा तर भिंतीखाली समुद्रापर्यंत जावं लागतं

तुम्ही विचारलंय, मोठ्या धरणाचा निसर्गावर होणारा परिणाम आधी कसा तपासतात आणि तो कमी करता येतो का?

तपासणीत बहुतेक सगळं लक्ष बुडीत क्षेत्राकडे असतं. ते हवंच. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणामुळे आमच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतल्या 33 गावांना पाणी लागलं, ते दुःख लहान नाही. पण भिंतीच्या खालच्या नदीचं काय होणार, हे फार कमी लोक विचारतात.

याच धरणाला 1987 मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली तेव्हा अभ्यास अपुरे होते. ते बांधकामासोबत पूर्ण करा, या अटीवर मंजुरी दिली गेली. जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीने 1992 मध्ये सांगितलं की खालच्या अंगाला काय होईल याचा नीट विचारच झालेला नाही. काम मात्र चालूच होतं.

2017 मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले. पुढच्या उन्हाळ्यात मी नर्मदेच्या मुखाजवळच्या भरूचला गेलो. एका म्हाताऱ्या मच्छीमार काकांनी ओंजळभर पाणी उचलून मला म्हटलं, चाखून बघ. खारट होतं, अगदी समुद्राचं. पाला माशाचं मोठ्या आसाचं, म्हणजे मोठ्या भोकांचं, जाळं त्यांनी बांबूवर टांगून ठेवलं होतं, कोरडं ठणठणीत. पाला म्हणजे हिल्सा. तो समुद्रात वाढतो आणि पावसाळ्यात अंडी घालायला नदीत चढतो. गोड्या पाण्याचा लोंढा समुद्रात आला की त्याला वाट कळते. तेव्हा धरणाखाली सोडायचं ठरलेलं किमान पाणी होतं 600 क्युसेक, म्हणजे सेकंदाला साधारण 17 घनमीटर. धरणापासून दीडशे किलोमीटर दूरच्या खाडीत, खंभातच्या आखातातल्या जबरदस्त भरतीपुढे तेवढ्याचा काय टिकाव लागणार?

म्हणून परिणाम कमी करायचा तर माझ्या मते पहिला मुद्दा धरणाची जागा आणि उंची. तो निर्णय एकदा झाला की हातात उरतो फक्त विसर्ग: किती पाणी, कोणत्या महिन्यात, कसं सोडायचं. नर्मदाकाठचं जंगल बुडालं त्याच्या भरपाईची काही झाडं कच्छमध्ये लावली. त्याने नर्मदेच्या खोऱ्याला काय मिळालं? अमेरिकेत ग्लेन कॅन्यन धरणातून 1996 मध्ये सात दिवस मुद्दाम पूर सोडला, तेव्हा कोलोरॅडो नदीच्या काठावर वाळूचे दांडे पुन्हा उभे राहिले. काही काळाने तेही झिजले, त्यामुळे पुढे असे पूर पुन्हा सोडावे लागले. एकदाच करून भागत नाही. आणि माशांसाठी वाट ठेवली की झालं, असंही नाही. पश्चिम बंगालमधल्या फराक्का बंधाऱ्यात अशी वाट होती, तरी तो 1975 मध्ये सुरू झाल्यावर गंगेत अलाहाबादपर्यंत जाणारा हिल्सा वरच्या भागातून जवळजवळ नाहीसाच झाला.

तुमच्या भागात एखादा प्रकल्प येत असेल तर जनसुनावणीला जरूर जा. तिची सूचना किमान 30 दिवस आधी द्यावी लागते आणि पर्यावरणावरच्या परिणामांच्या अहवालाचा सारांश मराठीतही असायला हवा. त्यावर थांबू नका, मूळ अहवाल मागा. माशांची यादी कोणत्या महिन्यांत केलीय ते बघा. नुसती उन्हाळ्यातली असेल तर पावसाळ्यात चढणारा मासा त्यात सापडणारच नाही. मग विसर्गाचा महिनावार तक्ता शोधा. तो नसेल तर सुनावणीत उभं राहून तेवढंच विचारा, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.