‘काही होत नाही, आम्ही जाऊन आलोय’ : प्रवासाच्या सल्ल्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझं वय ६६, पत्नीचं ६२. मे महिन्यात केदारनाथला जायचा विचार आहे. शेजारी म्हणतात, “१४ किलोमीटर तर आहे, सकाळी चढा, संध्याकाळी खाली या.” मेहुणे म्हणतात, या वयात सरळ हेलिकॉप्टर करा, काही त्रास नाही. साडू म्हणतात, जाऊच नका. कापूर जवळ ठेवा, हे मात्र सगळेच सांगतात. कुणाचं ऐकायचं?
— एक वाचक, सहकारनगर

उत्तर : शेजाऱ्यांना आधी एवढंच विचारा : तुम्ही कोणत्या वर्षी गेला होतात? १४ किलोमीटर हा जून २०१३ च्या पुराआधीचा हिशेब आहे. त्या पुरात वाटेवरचा रामबाडा वाहून गेला आणि पुढची वाट नदीच्या पलीकडच्या अंगानं, लिनचोलीवरून नव्यानं काढावी लागली. आता पायवाट सुरू होते त्या गौरीकुंडापासून साधारण १६ किलोमीटर धरतात, म्हणजे जाऊन-येऊन ३२. साठी ओलांडलेल्यांनी हे एका दिवसात करायचं मनातही आणू नये. चढताना दम लागतो म्हणून माणूस आपोआप थांबतो. उतरताना थांबत नाही, आणि गुडघे नेमके तिथेच जातात, तेही अंधार पडत असताना.

मेहुण्यांचं म्हणणं गुडघ्यांपुरतं बरोबर आहे, पण हेलिकॉप्टरनं उंची टळत नाही. पुणं ५६० मीटरवर, गौरीकुंड सुमारे २,००० मीटरवर आणि केदारनाथ सुमारे ३,५८० मीटरवर. फाटा किंवा सिरसी या गावांहून हेलिकॉप्टर दहा मिनिटांच्या आसपास वर पोहोचवतं, त्यामुळे विरळ हवेची सवय व्हायला शरीराला वेळच मिळत नाही. ३,००० मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची साधारण ५०० मीटरहून जास्त वाढवू नये, असं डॉक्टर सांगतात. म्हणून हेलिकॉप्टरनं गेलात तर दर्शन घेऊन त्याच दिवशी उतरलेलं बरं. पायी किंवा घोड्यावरून जाणार असाल आणि लिनचोलीच्या बाजूला राहायची सोय मिळत असेल, तर एक रात्र तिथे काढून पुढे जा.

विरळ हवेचा त्रास कुणाला होईल हे तब्येतीवरून सांगता येत नाही. रोज पर्वती चढणाऱ्याला होतो आणि कधीच न चालणाऱ्याला होत नाही, असंही घडतं. त्यामुळे ‘आम्हाला काही झालं नाही’ या वाक्याचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही. कापराच्या वासानं नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, पण रक्तातला प्राणवायू वाढत नाही. खरा धोका असा, की वास घेऊन बरं वाटलं म्हणून माणूस डोकेदुखी अंगावर काढत वर चढत राहतो. डोकं दुखून मळमळ सुरू झाली, की आणखी वर जाऊ नका. बसल्या जागी धाप लागली, तोल जायला लागला, बोलणं असंबद्ध झालं, तर सकाळची वाट न पाहता खाली आणायचं.

उंचीचा त्रास टाळायला घेतात त्या ॲसिटाझोलामाइडच्या गोळ्या कुणाच्या पाकिटातून घेऊ नका. सल्फाची ॲलर्जी किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना त्या चालत नाहीत. रक्तदाबाच्या गोळ्यांची यादी घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा. साडूंनाही विचारा, ‘जाऊ नका’ कशामुळे म्हणता? त्यांनी वाटेत कुणाला हृदयाचा त्रास झालेला पाहिला असेल, तर ते डॉक्टरांच्या कानावर घाला. ऐकीव असेल तर सोडून द्या.

यात्रेची सरकारी नोंदणी आधी करा, हेलिकॉप्टरच्या तिकिटालाही ती लागते. तिकीट फक्त आयआरसीटीसीच्या हेलियात्रा संकेतस्थळावरून काढा. खोट्या संकेतस्थळांवर फसलेले पुष्कळ आहेत, आणि तसला दुवा बहुतेक वेळा ओळखीच्याच माणसानं भोळेपणानं पुढे पाठवलेला असतो. धुक्यामुळे उड्डाणं रद्द होतात, तेव्हा परतीच्या गाडीआधी दोन दिवस मोकळे ठेवा.

प्रश्न : दिवाळीनंतर आम्ही हरिश्चंद्रगडावर जाऊन आलो. नणंदेनं विचारलं तेव्हा मी म्हटलं, “सोपा आहे, मुलांना खुशाल घेऊन जा.” त्यांचे फार हाल झाले आणि आता त्या माझ्याशी धड बोलत नाहीत. माझं काय चुकलं?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : तुम्ही गावाचं नाव सांगितलं नाहीत, एवढंच, पण हरिश्चंद्रगडाच्या बाबतीत ती चूक मोठी ठरते. पाचनईहून चढलं तर थांबत थांबत अडीच तासांत माणूस मंदिरापाशी पोहोचतो. खिरेश्वरहून तोलार खिंडीतून गेलं तर चार-पाच तास लागतात आणि खिंडीच्या वर रेलिंग धरून चढायचा कातळटप्पा आहे. बेलपाड्याकडची नळीची वाट तर दोर आणि जाणकार वाटाड्या असल्याशिवाय धरूच नये. तुम्ही बहुधा पाचनईहून गेला असाल. पुण्याहून माळशेजच्या रस्त्यानं खुबी फाट्यावरून खिरेश्वर जवळ पडतं, म्हणून नुसतं गडाचं नाव ऐकून निघालेली मंडळी तिथेच उतरतात.

‘सोपा’ हा शब्द सल्ल्यातून काढूनच टाका. पुढच्या वेळी असं लिहा : “नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो. पाचनईतून सकाळी सातला चढायला लागलो, साडेनऊला वर. सोबत दहा वर्षांचा मुलगा, रोज मैदानावर खेळणारा. माणशी दोन लिटर पाणी पुरलं. खिरेश्वरची वाट लांब आहे असं ऐकलंय, पाहिलेली नाही.” यातलं शेवटचं वाक्य आम्हाला सगळ्यांत मोलाचं वाटतं, पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं ठेवलं, की समोरच्याला आपला अंदाज बांधता येतो. ऋतूही लिहाच. जुलैत त्याच पाचनईच्या वाटेवर कातळ निसरडा असतो आणि पठारावर धुक्यात दहा पावलांपलीकडचं दिसत नाही.

नणंदेला फोन करून ‘मी वाट सांगायची राहिले’ असं सरळ सांगा. त्या कुठून चढल्या तेही विचारा.

प्रश्न : दिवाळीला नागपूरला जायचंय. मामा म्हणतात, रेल्वेचं आरक्षण चार महिने आधी उघडतं. मला तारीखच दिसत नाही.
— एक वाचक, धनकवडी

उत्तर : मामांचा नियम जुना झाला. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० नव्हे, ६० दिवस आधी उघडतं आणि त्यात प्रवासाचा दिवस धरत नाहीत. तत्काळ आदल्या दिवशी, एसीसाठी सकाळी १० ला आणि बाकीच्या वर्गांसाठी ११ ला. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी खात्याची आधार पडताळणी लागते, ती आजच उरकून ठेवा. एसटीनं जायची वेळ आली आणि मामा ‘शिवाजीनगर स्टँड’ म्हणाले, तर वाकडेवाडी समजा. मेट्रोच्या कामासाठी २०१९ च्या अखेरीस स्थानक तिकडे हललं.

प्रश्न : रस्ता विचारत गेलो तरी चुकतो. गावकरी मुद्दाम चुकीचं सांगतात का?
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : नाही हो. “हा रस्ता राजगडाला जातो ना?” असं विचारलंत तर ‘हो’च ऐकू येणार, कारण गुंजवण्याचा रस्ताही जातो आणि पाली दरवाज्याकडचाही. एकीकडून चोर दरवाज्याची खडी चढण, दुसरीकडून पायऱ्या. म्हणून ‘ना’ लावून विचारू नका, “पाली दरवाज्याकडे कुठून जायचं?” असं विचारा आणि सांगणाऱ्याला हातानं दिशा दाखवू द्या. ‘जवळच आहे’ असं उत्तर आलं तर “तुम्हाला चालत किती वेळ लागतो?” हे विचारून त्याची दुप्पट धरा. फाटा आला की दुसऱ्या माणसाला पुन्हा विचारा, आणि पहिल्यानं काय सांगितलं ते त्याला आधी सांगू नका.