शून्य सावलीच्या दिवशीही सोलापुरात 12 वाजता काठीची सावली का पडली?

शून्य सावलीच्या दिवशी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली दिसेनाशी होते, पण ते खऱ्या माध्यान्हीलाच. घड्याळात 12 वाजले तेव्हा सोलापूरची खरी माध्यान्ह झालीच नव्हती. मे महिन्यात ती साधारण 12 वाजून 22-23 मिनिटांनी होते. भारतीय प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर ठरते. सोलापूर पंचाहत्तर पूर्णांक नऊ अंशांवर. पृथ्वीला एक अंश फिरायला 4 मिनिटं लागतात, म्हणजे आपण सुमारे 26 मिनिटं मागे. त्यातली तीन-चार मिनिटं मे महिन्यात सूर्य भरून काढतो. तारीख तुम्ही बरोबर धरलीत, 10-11 मे. काठी मात्र ओळंबा लावून अगदी उभी करा, नाहीतर सावली उरतेच. 2 ऑगस्टच्या सुमारास पुन्हा संधी आहे, तेव्हा वेळ 12:32 च्या आसपास. फक्त आभाळ मोकळं हवं.